अमेरिकेतल्या घराचा माळा: आधी फटी बुजवा, मग वारा खेळवा

टेक्सस, ॲरिझोना किंवा जॉर्जियात पहिलं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांची पहिल्या उन्हाळ्यातली तक्रार ठरलेली असते. खाली हॉलमध्ये गारेगार आणि वरच्या बेडरूममध्ये रात्री दहालाही झोप लागत नाही. एसी तर सकाळपासून घरघरतोच आहे. मग एसीवाला येतो, गॅस तपासतो, 'युनिट लहान पडतंय' म्हणतो आणि काही हजार डॉलर्सचं कोटेशन हातात ठेवून जातो. त्यावर सही करायच्या आधी शिडी लावून एकदा माळ्यावर डोकवा. पुष्कळदा दुखणं तिथे असतं आणि औषध एसीला दिलं जातं.

हा लेख इथल्या नेहमीच्या घरांसाठी आहे: लाकडी सांगाडा, उतरतं छप्पर, त्यावर डांबरी शिंगल्स, आणि खोल्यांचं छत नि छप्पर यांच्या मधला रिकामा माळा, म्हणजे ॲटिक. सगळ्यात महत्त्वाचा आहे तो कामाचा क्रम. आधी छतातल्या फटी बंद करायच्या, मग माळ्यावर हवा खेळती करायची, मग इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता अडवणारा, थर वाढवायचा. बहुतेक जण याच्या उलट जातात. आधी पंखा बसवतात, मग इन्सुलेशन ओततात आणि फटींचा विचार कोणी करतच नाही. इन्सुलेशन एकदा वर पडलं की त्याखालच्या फटी शोधणं महाकठीण होऊन बसतं.

माळा तापतो कसा आणि ती धग खाली कशी येते

कोकणातल्या कौलारू घराचा माळाही तापतो, पण तिथे हवा कोंडत नाही. कौलांच्या सांध्यांतून आणि वळचणीतून वारा आपसूक येत-जात राहतो. अमेरिकन छपराचं तसं नाही. वाशांवर प्लायवुडचे किंवा ओएसबीचे (लाकडाच्या चिपट्या दाबून केलेले) तक्ते सलग ठोकलेले असतात, त्यावर जाड कागद, त्यावर शिंगल्स. पाणी आत येऊ नये म्हणून वरून सगळं बंद, त्यामुळे हवेची वाट मुद्दाम ठेवावी लागते. गडद शिंगल्स जुलैच्या दुपारी ७० अंश सेल्सियसच्या घरात जातात. बाहेर १०० फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस असेल, तर माळ्यावर १३० ते १५० फॅरनहाइट, म्हणजे ५४ ते ६५ सेल्सियस सहज भरतं.

ही उष्णता तीन वाटांनी खाली उतरते. तापलेले तक्ते खाली धग फेकतात, त्याने इन्सुलेशनचा वरचा थर तापतो आणि संध्याकाळपर्यंत ती ऊब छतापर्यंत झिरपते. दुसरी वाट छतातल्या फटींची. तिसरी वाट डक्टची, म्हणजे एसीची हवा वाहून नेणाऱ्या नळ्यांची, कारण दक्षिणेकडच्या राज्यांत एसीचे डक्ट आणि कित्येकदा एसीचं आतलं युनिटसुद्धा माळ्यावरच बसवलेलं असतं. म्हणजे सुमारे ५५ फॅरनहाइटची थंड हवा १४० फॅरनहाइटच्या खोलीतून फिरवून आणायची.

दुसरी वाट पटकन पटत नाही. गरम हवा वर जाते हे आपण शाळेत शिकलो, मग ती खाली कशी येईल? एसी चालू असलेल्या घरात चक्र उलटं फिरतं. थंड हवा जड असते. ती खालच्या मजल्यावरच्या दारं-खिडक्यांच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला वरून माळ्यावरची हवा ओढली जाते. त्यात फोडणी देताना गॅसवरचा एक्झॉस्ट लावला, कोणी आंघोळीला जाताना बाथरूमचा पंखा लावला, कपड्यांचा ड्रायर फिरतोय, असं झालं की बघायलाच नको. ही तिन्ही यंत्रं घरातली हवा बाहेर फेकतात आणि जेवढी बाहेर गेली तेवढीच कुठून तरी आत येते. छताला भोकं असली तर ती माळ्यावरून येते, तापलेली आणि धुळीसकट. आपल्या घरांत हे जास्त होतं, कारण आपला एक्झॉस्ट दिवसातून दोनदा चांगला अर्धा-पाऊण तास चालतो.

काम सुरू करण्याआधी काय पाहायचं

वर गेल्यावर पहिली नजर छपराच्या आतल्या बाजूला टाका. वाशांच्या मधे पिवळट-पांढरा फेस घट्ट चिकटलेला असेल तर तुमचा माळा वेगळ्या जातीचा आहे. तिथे इन्सुलेशन छपरालाच लावलेलं आहे आणि माळा घराचाच भाग धरलेला आहे. अशा माळ्याला हवेची तोंडं पाडायची नसतात, उलट असलेली बंद ठेवायची असतात. पुढचं व्हेंटिलेशनचं सगळं प्रकरण तुमच्यासाठी नाही.

दुसरी नजर खाली. इन्सुलेशन म्हणून चमकणारे, करड्या-तपकिरी रंगाचे, अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे खडे पसरलेले असतील तर हात लावू नका, खाली उतरा. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. मोंटाना राज्यातल्या लिबी इथल्या खाणीतून १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेतल्या एकूण व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून जास्त माल निघाला आणि त्या खाणीत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेलं तर घातक ठरणारं खनिज, होतं. असं इन्सुलेशन ॲस्बेस्टॉस असलेलंच समजून प्रशिक्षित माणसाला बोलवावं.

घर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं असेल आणि वायरी चिनी मातीच्या लहान रिळांवरून नेलेल्या दिसल्या, तर त्यावर इन्सुलेशन टाकायच्या आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. टाउनहाऊस असेल तर शेजाऱ्याच्या नि तुमच्या माळ्यामधली भिंत आगीसाठीची असते, तिला भोक पाडायचं नाही. छपराला बाहेरून काही करायचं असेल तर एचओएची, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेची, परवानगी लागेल ते वेगळंच.

आता स्वतःची काळजी. उन्हाळ्यात माळ्यावर सकाळी आठनंतर काम करू नका. उष्माघात तिथे मिनिटांत होतो, आणि आपण वर गेलोय हे खाली कुणाला तरी माहीत असलं पाहिजे. डॅलससारख्या ठिकाणी या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ. पाय फक्त लाकडी जॉइस्टवर, म्हणजे छताच्या आडव्या तुळयांवर, ठेवायचा. त्यामधलं जिप्समचं शीट माणसाचं वजन पेलत नाही आणि माळ्यावरून बेडरूममध्ये पाय येण्याचे प्रकार खरोखर होतात. प्लायवुडचे दोन तुकडे सोबत न्या, जॉइस्टवर आडवे टाकून त्यांवर बसा आणि सरकत पुढे जा. लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा, एन-९५ मास्क, डोक्याला लावायची बॅटरी. वर छपरातून शिंगल्सच्या खिळ्यांची टोकं बाहेर आलेली असतात, त्यामुळे डोक्यावर जाड टोपी किंवा हेल्मेट हवंच.

पहिलं काम: फटी शोधणं आणि बुजवणं

खालूनच सुरुवात करा. सगळे बाथरूमचे पंखे, ड्रायर आणि किचनचा एक्झॉस्ट एकदम चालू करा, खिडक्या बंद ठेवा आणि एक उदबत्ती पेटवून माळ्याच्या झडपेच्या कडेशी धरा. धूर सरळ वर न जाता खाली किंवा बाजूला ढकलला गेला तर तिथून माळ्याची हवा आत येते आहे. हेच छतात बसवलेल्या दिव्यांच्या कडेने आणि बाथरूमच्या पंख्याच्या झाकणाभोवती करून पाहा. कोपऱ्या-कोपऱ्यातला धूर नीट बघायला थोडा वेळ द्या. उदबत्ती मात्र खालीच, माळ्यावर कुठलीही ज्योत किंवा निखारा न्यायचा नाही.

वर गेल्यावर फटींचा माग फायबरग्लासच सांगतं. गुलाबी किंवा पिवळी गादी उचलून तिची खालची बाजू पाहा. जिथे ती काळपट, मळलेली दिसेल तिथून वर्षानुवर्षं हवा गेलेली असते. फायबरग्लास हवा अडवत नाही, फक्त धूळ गाळतं, म्हणून तो डाग बरोबर फटीच्या वर पडतो. डागाखाली हात घालून पाहिलं तर तिथे वायरीचं भोक, पाइप किंवा भिंतीच्या माथ्याची फट हमखास सापडते.

मोठी भोकं आधी. ही चूक फार होते की माणूस वायरीची बारीक भोकं फेसाने भरत बसतो आणि दोन फुटांची पोकळी तशीच राहते. किचनच्या कपाटांवर छत खाली उतरवलेलं असेल तर त्याच्या वरची बाजू माळ्याला उघडी असण्याची शक्यता मोठी. तशीच पोकळी आंघोळीच्या टबाच्या वर, डक्ट वर नेणाऱ्या खोबणीत आणि जिन्याच्या वरच्या उतारात सापडते. त्यावर कडक फोमचं किंवा जिप्समचं शीट मापाने कापून बसवा आणि चारी कडा फवारणीच्या फेसाने भरा.

मग भिंतींचे माथे. आतल्या भिंतीच्या वर आडवं लाकूड असतं, ते आणि जिप्समची कड यांच्यामधे बारीक फट सगळ्या घरभर पळत असते. एकटी पाहिली तर नगण्य वाटते, पण सगळ्या खोल्यांच्या मिळून ती लांबी शेकडो फूट होते. तिच्यावरून कॉकची (फटी भरायच्या लवचीक पेस्टची) किंवा फेसाची सलग रेघ ओढायची. वायरींची नि प्लंबिंगच्या पाइपांची भोकं याच ओघात होतात. हा फेस हातावर वाळला तर निघत नाही, म्हणून हातमोजे काढू नका.

घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीची किंवा वॉटर हीटरची धुराची नळी जिथून वर जाते तिथे फेस चालत नाही, तो पेटू शकतो. तिथे ॲल्युमिनियम किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्रा नळीभोवती अर्धगोल कापून दोन बाजूंनी बसवायचा, वर उष्णता सहन करणारं सिलिकॉन लावायचं, आणि नळीभोवती पत्र्याचंच कडं उभं करायचं म्हणजे इन्सुलेशन तिला चिकटणार नाही. दुहेरी भिंतीच्या बी-व्हेंट नळीपासून पेटणारी वस्तू किमान १ इंच लांब हवी, एकेरी भिंतीच्या नळीपासून ६ इंच.

छतात बसवलेले गोल दिवे हे सगळ्यात खोडकर प्रकरण. जुन्या दिव्यांच्या डब्याला आतून भोकं असतात आणि प्रत्येक दिवा म्हणजे छताला पाडलेली एक खिडकी. डब्यावरचं लेबल वाचा. 'आयसी' लिहिलेलं असेल तर त्यावर इन्सुलेशन टाकता येतं. तसं नसेल तर दिव्यापासून ३ इंच अंतर सोडावं लागतं, नाही तर आगीचा धोका. माझं मत विचाराल तर असे दिवे झाकत बसण्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडून हवाबंद एलईडी बसवून घ्यावेत. पैसे थोडे जास्त जातात, पण प्रश्न कायमचा सुटतो.

घडीची शिडी असलेली झडप साधारण साडेबावीस इंच रुंद आणि चोपन्न इंच लांब असते आणि तिच्या पाठीला बहुधा पातळ प्लायवुडशिवाय काहीच नसतं. सगळ्या छतावर फूटभर इन्सुलेशन आणि मधे हा उघडा चौकोन. तिच्या कडांना दाराला लावतात तशी फोमची पट्टी लावा आणि वरून कडक फोमची पेटी करून ठेवा किंवा झिपवाला तंबू विकत घ्या. एका दुपारचं काम आहे, आणि खालच्या पॅसेजमध्ये फरक त्याच आठवड्यात कळतो.

गॅरेजवर बोनस रूम, म्हणजे छपराखालची जादा खोली, असेल तर तिला जास्त वेळ द्या, कारण टेक्ससच्या घरांत सगळ्यात तापणारी खोली तीच. तिच्या बुटक्या भिंतींच्या पलीकडे माळा असतो. त्या भिंतींतलं फायबरग्लास मागून उघडं असतं, काही वर्षांत घसरून खाली पडतं आणि भिंत नागडी राहते. माळ्याच्या बाजूने त्यावर कडक फोमची शीटं ठोका आणि सांधे टेपने बंद करा. पण एवढ्याने भागत नाही. बुटक्या भिंतीच्या खालून, दोन जॉइस्टच्या मधून, माळ्याची हवा थेट खोलीच्या जमिनीखाली शिरते. तिथे प्रत्येक गाळ्यात फोमचा तुकडा बसवून कडा भरल्याशिवाय ती खोली थंड होत नाही. ठेकेदार बऱ्याचदा हे सोडून देतात कारण तिथे पोटावर सरपटत जावं लागतं.

एक सावधगिरी इथेच सांगते. घर जास्त हवाबंद झालं आणि आत चिमणीतून धूर सोडणारा गॅसचा वॉटर हीटर किंवा भट्टी असेल, तर एक्झॉस्ट लावल्यावर तो धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. काम झाल्यावर त्याची तपासणी करून घ्या आणि प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवा. किचनचा हूड ४०० सीएफएमच्या (मिनिटाला ४०० घनफूट हवा) वरचा असेल आणि असं उपकरण घरात असेल, तर बाहेरून भरपाईची हवा आणायची सोय अनेक ठिकाणी लागू असलेला निवासी कोड, म्हणजे बांधकामाची नियमावलीही मागते. फोडणीचा वास जावा म्हणून मोठ्यात मोठा हूड घेताना हे दुकानात कोणी सांगत नाही.

पंख्यांची तोंडं कुठे उघडतात ते पाहा

बाथरूमच्या पंख्याची नळी माळ्यावर नुसतीच सोडून दिलेली असते, हे कित्येक घरांत दिसतं. दमट हवा तिथे जमून लाकडाला बुरशी धरते. नळी छपरातून किंवा बाजूच्या भिंतीतून बाहेर काढा. वळचणीखालच्या जाळीत सोडू नका, तिथून ती हवा परत आत शोषली जाते. किचनचा हूड माळ्यावर सोडलेला सापडला तर तो त्याच आठवड्यात दुरुस्त करा. तेलकट वाफ लाकडावर आणि इन्सुलेशनवर बसत जाते आणि आगीला खाद्य तयार होतं.

दुसरं काम: हवा खाली शिरू द्या, वर निघू द्या

माळ्याचं व्हेंटिलेशन दोन टोकांचं असतं. वळचणीच्या खालच्या फळीला सॉफिट म्हणतात, तिथल्या जाळ्यांतून बाहेरची हवा आत येते. तापून वर चढते आणि आढ्यावरच्या रिज व्हेंटमधून निघून जाते. यातलं एक टोक बंद असलं की दुसऱ्याचा उपयोग नाही. बहुतेक घरांत बंद असतं ते खालचं.

भर दुपारी नव्हे, पण चांगल्या उजेडात वर जा, बॅटरी बंद करा आणि वळचणीकडे पाहा. खालून उजेडाच्या रेघा दिसल्या तर वाट मोकळी. अंधार असेल तर कारणं तीन: इन्सुलेशन कडेपर्यंत ढकललेलं, जाळ्यांवर रंगाचे थर बसलेले, किंवा बाहेरून जाळी दिसते पण तिच्या मागचं प्लायवुड कधी कापलेलंच नाही. तिसरा प्रकार ऐकून नवल वाटेल, पण बाहेरच्या पॅनेलवर भोकं दिसतात म्हणून कोणी तपासत नाही आणि घर वर्षानुवर्षं तसंच राहतं.

वाशांच्या मधे, वळचणीपासून वरपर्यंत, फोमच्या किंवा पुठ्ठ्याच्या खोबणी स्टेपल करतात, त्यांना बॅफल म्हणतात. त्यामुळे इन्सुलेशन कितीही भरलं तरी तक्त्याखाली हवेची पट्टी मोकळी राहते. कोडनुसार ही पट्टी किमान १ इंचाची लागते, २ इंच मिळाली तर उत्तम. बॅफलचं वरचं टोक नव्या इन्सुलेशनच्या पातळीच्या वर आलं पाहिजे. हे काम छपराच्या सगळ्यात बुटक्या कोपऱ्यात असतं, मान अवघडते, पण इन्सुलेशन ओतायच्या आधीच ते करता येतं.

किती तोंडं लागतात याचा हिशेब कठीण नाही. माळ्याच्या दर १५० चौरस फुटांना १ चौरस फूट मोकळं तोंड, हा मूळ नियम. ४० ते ५० टक्के तोंडं आढ्याजवळ आणि उरलेली खाली असतील, तर दर ३०० ला १ चालतं. समजा माळा १५०० चौरस फुटांचा आहे. ३०० ने भागून ५ चौरस फूट, म्हणजे ७२० चौरस इंच. निम्मे वर, निम्मे खाली: ३६०-३६०. रिज व्हेंट दर फुटाला साधारण १८ चौरस इंच मोकळी हवा देतो, म्हणजे २० फूट रिज पुरे. सॉफिटची सलग जाळीची पट्टी फुटाला साधारण ९ देते, म्हणजे ४० फूट. जाळी आणि पट्ट्यांमुळे तोंडाचं खरं माप दिसतं त्यापेक्षा कमी भरतं, म्हणून पाकिटावर 'नेट फ्री एरिया' म्हणून जो आकडा असतो तोच धरायचा. कमी-जास्त करायचंच असेल तर खालची बाजू जास्त ठेवा. वरची तोंडं जास्त आणि खालची कमी झाली तर उरलेली हवा छतातल्या फटींतून, म्हणजे तुमच्या एसीच्या खोलीतून, ओढली जाते.

वर एकाच प्रकारची तोंडं असू द्या. रिज व्हेंट असताना जवळच टर्बाइन (छपरावरचं वाऱ्याने फिरणारं तोंड) किंवा बाजूच्या त्रिकोणी भिंतीतली जाळी उघडी असेल तर हवा एका वरच्या तोंडातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते आणि वळचणीपर्यंत पोचतच नाही.

विजेच्या पंख्याबद्दल मला स्पष्ट सांगायचं आहे: बसवू नका. माळ्यावरचा पंखा हवा जोरात बाहेर फेकतो, खालची तोंडं अपुरी असली की तो ती घरातून ओढतो, आणि तुम्ही विकत घेतलेली थंड हवा छपरातून बाहेर जाते. गॅसच्या उपकरणांचा धूर उलटा खेचण्याचा धोका इथेही आहे. सौर पंख्याला वीज फुकट मिळते, पण तो हवा ओढतो ती तिथूनच. तुमच्या घरात तो आधीच असेल तर फटी बुजवून होईपर्यंत बंद ठेवा आणि नंतर लागतो का ते बघा. बहुधा लागत नाही.

व्हेंटिलेशनकडून अवाजवी अपेक्षाही नको. ते माळ्याची हवा बदलतं, ओल बाहेर नेतं, पण तापलेल्या तक्त्यांची धग वाऱ्याने थांबत नाही. ती इन्सुलेशनच अडवतं.

तिसरं काम: इन्सुलेशनचा थर

इन्सुलेशनची ताकद आर-आकड्याने मोजतात. ह्यूस्टन, ऑस्टिन, फिनिक्स, डॅलस, अटलांटा या पट्ट्यात माळ्याला आर-४९ पर्यंत न्यावं, न्यू जर्सी आणि तिथून उत्तरेला आर-६०. टेपने सध्याची जाडी मोजा. जुन्या कागदापासून केलेलं सेल्युलोज इंचाला साधारण ३.२ ते ३.८ देतं, उडवून पसरलेलं फायबरग्लास २.२ ते २.७. म्हणजे ६ इंच जुनं फायबरग्लास असेल तर तुम्ही आर-१५ च्या आसपास आहात. आर-४९ गाठायला त्यावर आणखी १० इंच सेल्युलोज लागेल.

जुनं काढायची गरज नसते, ते कोरडं आणि उंदरांनी खराब न केलेलं असलं की झालं. मोठ्या हार्डवेअर दुकानांत ठरावीक पिशव्या घेतल्या की उडवायचं मशीन दिवसभरासाठी फुकट मिळतं. दोन माणसं लागतात, एक खाली पिशव्या फोडून भरायला, एक वर पाइप धरायला. वायरींच्या सांध्यांच्या पेट्यांना झाकणं आहेत ना ते आधी बघा आणि त्या कुठे आहेत ते वाशावर मार्करने लिहून ठेवा, नंतर त्या दिसणार नाहीत.

तक्त्यांच्या खाली चमकदार फॉइल लावण्याचा प्रकारही असतो, रेडियंट बॅरियर. उन्हाच्या राज्यांत त्याने थंडाव्याचा खर्च ५ ते १० टक्के कमी होऊ शकतो, असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं म्हणणं आहे. डक्ट माळ्यावर असतील तर तो विचार करण्यासारखा. चमकती बाजू खाली आणि तिच्यासमोर हवेची जागा, एवढं सांभाळायचं. जमिनीवर इन्सुलेशनवर अंथरलं तर धूळ बसून उपयोग जातो. न्यू जर्सीत यावर पैसे घालू नका, ते इन्सुलेशनवर घाला.

डक्ट

साध्या घरात डक्टच्या गळतीतून २० ते ३० टक्के हवा वाया जाते. सांध्यांवर हात फिरवून पाहा, थंड झुळूक लागली की तिथे गळती. कापडी डक्ट टेप इथे कामाची नाही, उष्णतेने तिचा डिंक सुकून ती गळून पडते. ब्रशने लावायचा मॅस्टिक (घट्ट लेप) किंवा फॉइलची टेप वापरा. परतीच्या डक्टची गळती जास्त घातक, कारण ती माळ्याची तापलेली हवा थेट एसीत ओढते.

माळ्यावर काय ठेवायचं

गणपतीचं मखर, भारतवारीच्या मोठ्या बॅगा, मुलांचे जुने कपडे, सगळं तिथेच जातं. बहुतेक नव्या घरांत ट्रस, म्हणजे छपराचे तयार त्रिकोणी लाकडी सांगाडे, असतात आणि त्यांची खालची दांडी सामानाच्या वजनासाठी बनवलेली नसते. शिवाय सामानाखाली दबलेल्या इन्सुलेशनची ताकद कमी होते. सामान ठेवायचंच असेल तर झडपेभोवती उंच चौकट करून त्यावर प्लायवुड घाला, म्हणजे खाली पूर्ण जाडीचं इन्सुलेशन बसेल. फोटो, मेणबत्त्या, औषधं, गोंद लावलेली मखरं तिथे ठेवू नका. लग्नाचे अल्बम तर कधीच नाही.

काम दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर

एनर्जी ऑडिट करणाऱ्याला बोलवा. तो घराच्या दारात मोठा पंखा लावून घरातला दाब ५० पास्कलने बदलतो आणि घर तासाला किती वेळा हवा बदलतं ते मोजतो. त्याच वेळी इन्फ्रारेड कॅमेऱ्याने छत पाहिलं की फटी रंगात उमटतात. काही वीज कंपन्या हे स्वस्तात करून देतात, त्यांच्या संकेतस्थळावर सवलतीचं पान शोधा. इन्सुलेशन आणि फटी बुजवण्याच्या सामानावर मिळणारी ३० टक्क्यांची, वर्षाला १२०० डॉलर्सपर्यंतची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या कामाला लागू नाही. जुने लेख अजून तिच्याबद्दल लिहितात आणि ठेकेदारही सांगतात, म्हणून लक्षात ठेवा.

ठेकेदाराला तीन गोष्टी लेखी मागा. इन्सुलेशन टाकायच्या आधी फटी कुठे बुजवल्या त्याचे फोटो. वळचणीच्या प्रत्येक गाळ्यात बॅफल. आणि दारातल्या पंख्याची मोजणी कामाच्या आधी आणि नंतर, दोन्ही आकडे बिलावर. 'फटींचं बघून घेतो' म्हणणारा बहुधा नुसतं इन्सुलेशन ओतून जातो, आणि ते एकदा पडल्यावर खाली काय केलं हे तपासायची सोय तुमच्याकडे राहत नाही. फोटो बघितल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका.